प्रथिनांची लिपी : लाल विंचवाची साखळी

मागच्या भागात फ्रेडरिक सँगर यांनी गाईच्या इन्सुलिनमधल्या ५१ अमिनो आम्लांचा क्रम कसा लावला ते पाहिले. आज लाल विंचवाकडे वळू. कोकणात याच्या दंशाने कितीतरी मुले दगावली आहेत.

विंचवाचे विष म्हणजे अनेक छोट्या प्रथिनांचे मिश्रण. क्रम वाचायचा तर त्यातले एकच प्रथिन निर्भेळ हाती यावे लागते. १९९० मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी लाल विंचवाच्या विषातून असे एक प्रथिन वेगळे केले. विषात ते अगदी थोडे असते. त्याचे नाव आयबेरिओटॉक्सिन.

वाचन एडमन पद्धतीने झाले. स्वीडनचे पेर एडमन यांनी ती १९५० मध्ये मांडली. साखळीच्या एका टोकाला मोकळा अमिनो गट असतो. त्याला एक रसायन जोडायचे, आम्लाने तेवढा पहिला दुवा तोडायचा, तो कोणता ते ओळखायचे आणि उरलेल्या साखळीवर पुन्हा तेच करायचे. इथे मात्र पहिलाच दुवा स्वतःवर वळून मिटलेला होता. मोकळा अमिनो गटच नसेल, तर रसायन जोडणार कुठे? बुऱ्हाणपुरात यंत्रमागावर काम करणाऱ्यांना हे चटकन कळेल: कांडीवरच्या सुताचे टोक चिकटून बसले की सूत उलगडतच नाही. अशा साखळीचा मिटलेला दुवा खास विकराने काढून टाकतात, किंवा साखळीचे मधूनच तुकडे करून वाचतात.

अखेर क्रम लागला: ३७ अमिनो आम्ले, त्यांतली सहा सिस्टीन, आणि त्या सहांना जोडीजोडीने बांधणारे गंधकाचे तीन बंध. दुसऱ्या एका विंचवाचे चॅरिब्डोटॉक्सिनही ३७ दुव्यांचेच, आणि दोघांचा क्रम ६८ टक्के जुळतो. तरी चॅरिब्डोटॉक्सिन पेशींमधले पोटॅशियमचे अनेक प्रकारचे मार्ग अडवते, तर आयबेरिओटॉक्सिन कॅल्शियमने उघडणारा एकच मोठा मार्ग नेमका बंद करते. त्यामुळे तो मार्ग कुठे काय काम करतो हे शोधायला जगभरच्या प्रयोगशाळा लाल विंचवाचे हे प्रथिन वापरतात. थोडेसे दुवे बदलल्याने एवढा नेमकेपणा यावा, याचे मला फार अप्रूप वाटते.

माणसाचा जीव घेणारी प्रथिने मात्र वेगळी, याहून लांब साखळीची. ती सोडियमचे मार्ग उघडे ठेवतात. मग शरीरात ॲड्रिनलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा येतो, हृदय थकते, फुप्फुसांत पाणी भरते. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी हे रुग्णांच्या उशाशी बसून ओळखले आणि १९८० च्या दशकात प्राझोसिन हे साधे, स्वस्त औषध वापरून असंख्य जीव वाचवले. प्राझोसिनला प्रतिविषाची जोड दिली तर रुग्ण आणखी लवकर सावरतो, हेही त्यांनी २०११ मध्ये दाखवले. प्रतिविष विषाच्या प्रथिनांना त्यांच्या आकारावरून पकडते, आणि आकार ठरतो दुव्यांच्या क्रमावरून.

म्हणून कळकळीने सांगतो: दंशानंतर दरदरून घाम, उलट्या, गार पडलेले हातपाय दिसले, तर मांत्रिकाकडे एक तासही घालवू नका, थेट रुग्णालय गाठा.

पुढच्या भागात, साखळीचे तुकडे वजनावरून ओळखणारे यंत्र.