चाल मोजायला कॅमेराही हवा, सेन्सरही

कोलकात्यात बोनहुगलीला १९७८ पासून अस्थिव्यंगांसाठीची राष्ट्रीय संस्था आहे आणि याच शहरात टीसीएसच्या संशोधकांनी रुग्णांची हालचाल मोजण्यासाठी किनेक्ट कॅमेऱ्यावर काम केलं. २०१० साली व्हिडिओ गेमसाठी आलेला हा कॅमेरा अंगाला काहीही न लावता सांध्यांच्या जागा ताडतो. रुग्ण एका पायावर किती वेळ तोल सांभाळतो, हे त्यावरून मोजता येतं. मला हे फार मोलाचं वाटतं. पण नुसत्या कॅमेऱ्यावर भागणार नाही. तांताची कडक सुती साडी घोट्यापर्यंत आली की गुडघा दिसतच नाही!

तिथे पावलावर बांधलेला, हालचाल टिपणारा सेन्सर कामाला येतो. त्याची चूक क्षणाक्षणाला साचत जाते, पण पाऊल जमिनीवर टेकलं की वेग शून्य, हे धरून गणित दर पावलाला ती चूक पुसतं. अर्धांगवायूचा रुग्ण मात्र पाय फरफटत चालतो. तो शून्याचा क्षण धूसर होतो आणि पुन्हा व्हिडिओच लागतो. म्हणून दोन्ही एकत्र हवेत.

कुणी म्हणेल, अनुभवी फिजिओथेरपिस्टची नजर आणि स्टॉपवॉच पुरे. नजर हवीच. पण दहा मीटर लवकर कापणारा रुग्ण सगळा भार धडधाकट पायावर टाकत असेल, तर घड्याळ त्याला सुधारणाच म्हणणार. कॅमेऱ्यात चेहरा टिपला जाण्याची भीतीही रास्त आहे. त्यासाठी चित्रफीत पुसून फक्त सांध्यांचे बिंदू ठेवता येतात.