करार आणि कर

लोकशाही समाजवादाचा विषय निघाला की स्वीडनचं नाव हमखास येतं, आणि पाठोपाठ आक्षेपही येतो: तो छोटा, सुखवस्तू, शांत देश, त्यांना जमलं ते इतरांना कसं जमणार? इतिहास काही वेगळंच सांगतो. 1920च्या दशकात संप आणि टाळेबंदीने सतत गांजलेल्या देशांत स्वीडन होता. 1931 साली ओडालेन इथे कामगारांच्या मोर्चावर सैनिकांनी गोळीबार केला, पाच जणांचे जीव गेले.

पुढच्याच वर्षी सोशल डेमोक्रॅट पक्ष सत्तेवर आला आणि 1936 मधले काही महिने सोडले तर 1976 पर्यंत टिकला. त्याने सरसकट कारखाने ताब्यात घेतले नाहीत. 1938 मध्ये साल्टशोबाडेन इथे कामगारांची महासंघटना ‘एलओ’ आणि मालकांची संघटना यांनी करार केला. मजुरीचा प्रश्न दोघांनी समोरासमोर बसून सोडवायचा, सरकारने मध्ये पडायचं नाही. त्या देशात आजही किमान वेतनाचा कायदा नाही. दवाखाने, शाळा, निवृत्तिवेतन यांचा भार फक्त धनिकांवर नाही, साधा नोकरदारही भरपूर कर भरतो आणि बहुतेक वस्तूंवर 25 टक्के मूल्यवर्धित कर मोजतो. स्वीडनचे गोडवे गाताना ही बाजू सहसा गाळली जाते, आणि ते चूक आहे.

पुढे अर्थतज्ज्ञ रुडॉल्फ माइडनर यांनी नफ्यातला काही वाटा शेअरच्या रूपाने कामगार निधीत जमा करण्याची योजना मांडली. थेट मालकीलाच हात लागतोय म्हटल्यावर 1983 मध्ये उद्योजक स्टॉकहोमच्या रस्त्यावर उतरले. निधी आले, पण पातळ होऊन, आणि 1990च्या दशकात गुंडाळलेही गेले.

चिलीत असा करार कधी झालाच नाही. साल्वादोर आयेंदे 1970 मध्ये सुमारे 36 टक्के मतांवर राष्ट्राध्यक्ष झाले. तांब्याच्या खाणींच्या राष्ट्रीयीकरणाला संसदेने एकमताने मान्यता दिली, पण त्यानंतर महागाई, ट्रकमालकांचा संप आणि अमेरिकेने केलेली आर्थिक कोंडी यांनी सरकारला घेरलं. 11 सप्टेंबर 1973 रोजी लष्कराने ते उलथवलं.

भारतातली अडचण निराळी. इथले बहुसंख्य श्रमिक असंघटित क्षेत्रात आहेत. शेतमजुराने वाटाघाटी करायच्या कोणाशी? महाराष्ट्राने यावर स्वतःची वाट शोधली. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना 1972च्या दुष्काळात राज्यभर पोचली, आणि 1977 साली तिचा कायदा झाला. काम मागेल त्याला पंधरा दिवसांत काम, नाहीतर बेकारी भत्ता. पैसा उभा करायला शहरी पगारदारांवर व्यवसाय कर बसला आणि सरकारने तेवढीच भर घालायची ठरली. मुंबईतल्या कारकुनाच्या पगारातून कापलेले रुपये दुष्काळी गावातल्या पाझर तलावावर खर्च होत होते. स्वीडनच्या कराराइतकीच ही धाडसी कल्पना होती.

मात्र 1988 मध्ये किमान वेतन कायद्याप्रमाणे मजुरी वाढली आणि योजनेवरची कामं रोडावली. हक्क कायद्यात होता, पण कामं काढायची की नाही हे प्रशासनाच्या हाती राहिलं, आणि त्याला जाब विचारायला ‘एलओ’च्या ताकदीची संघटना मजुरांच्या मागे नव्हती.