बदकाची पिल्लं घरात वाढवताना

बदकाची पिल्लं आणताय? मग बुटाचा खोका विसरा. पेकिन जातीचं पिल्लू सात-आठ आठवड्यांत तीन किलोच्या आसपास जातं! आज ऐसपैस वाटणारी जागा आठवडाभरात अपुरी पडते. म्हणून पुठ्ठ्याचं रिंगण करा, हवं तसं मोठं करता येईल असं.

पहिल्या आठवड्यात बल्बखाली 32 अंश सेल्सिअसच्या आसपास ऊब हवी, पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी. पिल्लं दिव्याखाली दाटीनं गोळा झाली तर थंडी वाजतेय, लांब जाऊन धापा टाकत असली तर उकडतंय. थर्मामीटरपेक्षा माझा यावर जास्त भरवसा.

खरी कसोटी पाण्याची. नाकपुड्या धुता येतील इतकं खोल भांडं लागतंच, आणि पाणी सांडणारच. भांडं जाळी बसवलेल्या ट्रेवर ठेवा. खाली वर्तमानपत्र नको, त्यावर पाय घसरून फाकतात. भाताचं तूस उत्तम. ओलं झालं की लगेच बदला, नाहीतर बुरशी धरते.

आईविना वाढलेल्या पिल्लांची लव भिजते. त्यामुळे पोहणं थोडाच वेळ, नजरेसमोर, मग कोरडं करून पुन्हा उबेत. अंगभर पिसं आली की बाहेर हलवा, पण रात्री मुंगूस-मांजर शिरणार नाही असं बंद खुराडं हवंच.