कांदा पावडर नाही, मग काय घालू?

सोलापूर बाजार समितीत कांद्याचा भाव पडला की 'पावडर करा की!' हा सल्ला हमखास येतो. पण कांद्यात 85 ते 90 टक्के पाणीच असतं. किलोभर वाळवून हाती येते शंभर ग्रॅमच्या आसपास पावडर. कारखान्यांनाही आपल्या लाल कांद्यापेक्षा घन पदार्थ जास्त असलेला पांढरा बरा पडतो.

कांदा चिरला की पेशी फुटतात, ॲलिनेज हे एन्झाइम मोकळं होतं आणि गंधकाची उग्र संयुगं तयार होतात. वाळवताना त्यातली बरीच उडून जातात. म्हणून पावडरीत गोडसरपणा उरतो, कच्च्या कांद्याचा झणका नाही.

आता आमटीसाठी पावडर नाहीये. आधी विचारा, ती तिथे काम काय करणार होती? वासासाठी चिमूटभर हिंग चालेल, त्यातही गंधकाची संयुगं आहेत. (कांदा-लसूण न खाणाऱ्या घरांत हे कधीचंच ठाऊक आहे.) दाटपणाला शेंगदाण्याचं कूट. कांदा-लसूण मसाला घातलात तर मात्र सोबत मिरची आणि मीठही वाढलं, म्हणजे एकाच वेळी तीन व्हेरिएबल! चव बिघडली तर कशामुळे, कसं सांगणार? गोडवा हवा असेल तर सरळ कांदाच परता: टेबलस्पूनभर पावडरीला साधारण एक मध्यम कांदा, आणि आमटीत पाणी जरा कमी.