धनी नसलेल्या कुत्र्याचा धनी कोण?

जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातील पिंपळगाव रेणुकाई हे गाव मिरचीच्या बाजारासाठी ठाऊक आहे; परंतु ज्या शेतांतून ही मिरची येते त्यांची राखण बव्हंशी कुत्र्यांच्या जिवावर चालते, ही गोष्ट बाजाराच्या हिशेबात कोणी धरीत नाही. रानडुकराच्या चाहुलीने उठावे, आखाड्यावरील शेळ्या-करडांभोवती रात्रभर फेऱ्या घालाव्यात, वीज रात्रीची असली म्हणजे पिकाला पाणी द्यावयास निघालेल्या धन्याच्या पुढे चालावे, अशी कामे करणारे हे जनावर घरचे खरे. पण त्याच्या गळ्यात पट्टा नसतो, त्याच्या लसीचा कागद नसतो, आणि भाकरतुकडा तर ते चार घरी खाते. शाळेच्या वाटेवर त्याने एखाद्या पोराच्या पोटरीला दात लावले, की ही चारही घरे ‘आमचं नाही ते’ म्हणून मोकळी होतात. खेड्यापाड्यांतील कुत्र्यांचा प्रश्न चिघळतो तो या नाकारलेल्या मालकीपायी, असे माझे स्पष्ट मत आहे.

1 जुलै 2024 पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 प्रमाणे, आपल्या ताब्यातील जनावरापासून मनुष्याच्या जिवास धोका अथवा जबर दुखापत संभवत असता जो इसम जाणूनबुजून किंवा हयगयीने पुरेशी खबरदारी घेत नाही, तो सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षांस पात्र ठरतो. चावा प्रत्यक्ष घडलाच पाहिजे अशी यात अट नाही. येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या अंगावर धावणारे कुत्रे मोकळे सोडणे, एवढ्यानेही जबाबदारी उत्पन्न होऊ शकते. शिवाय कायदा ताबा पाहतो, विकत घेतल्याची पावती नव्हे. हा गुन्हा दखलपात्र असल्यामुळे ठाणे अंमलदाराने फिर्याद नोंदवून घ्यावयाची असते, तिची नक्कल फिर्यादीस विनामूल्य मिळते, आणि नोंद नाकारली गेल्यास तीच हकिकत लिहून टपालाने पोलीस अधीक्षकांकडे धाडता येते. मात्र हे कलम माणसापुरते आहे. बिबट्याने शेळी मारली तर वनखात्याकडे नुकसानभरपाई मागता येते. गावच्या कुत्र्यांनी ती फाडली तर तसा मार्ग नाही, आणि धनी ठाऊक असेल तरच त्याच्यावर दिवाणी दावा चालतो. गरीब शेळीपालकाच्या वाट्याला येणारा हा अन्याय अजून कोणी मनावर घेतलेला नाही, याचे मला वाईट वाटते.

मोकाट कुत्र्यांविषयी सरकारचे धोरण मात्र फार बदलत आले आहे. 1832 सालच्या जून महिन्यात मुंबईत मोठा दंगा उसळला, तो कुत्र्यांवरूनच. कंपनी सरकारने ती मारण्यासाठी बक्षीस लावले होते, आणि बक्षिसाच्या लोभाने शिपाई घरची कुत्रीही धरू लागल्यावर पारशी समाजाने दुकाने बंद करून किल्ल्यातील फौजेची रसद अडवली. पुढे 1951 च्या मुंबई पोलीस अधिनियमाने जिल्हा दंडाधिकाऱ्यास जाहीर नोटिशीने मोकाट कुत्री मारविण्याचा अधिकार दिला. त्या वेळी जालन्याचा मुलूख हैदराबाद राज्यात होता, तो मुंबई राज्यात आला 1956 साली. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा 1960 चा कायदा आणि त्याखालील 2001 चे नियम यांनी ही दिशाच पालटली. त्यांच्या जागी आलेले 2023 चे नियम असे, की पाळीव कुत्र्याची लस व नसबंदी धन्याने करावी, रस्त्यावरच्या कुत्र्याची स्थानिक संस्थेने करावी, कानाला खूण करावी, आणि जेथून धरले तेथेच सोडावे. सर्वोच्च न्यायालयाने 7 नोव्हेंबर 2025 च्या आदेशाने शाळा, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके व रेल्वेस्थानके यांना अपवाद केले. तेथून उचललेले कुत्रे पुन्हा तेथे सोडावयाचे नाही.

ग्रामपंचायतही स्थानिक संस्थाच आहे. परंतु चावडीवर उभे राहून केलेली ओरड दप्तरात येत नाही. म्हणून अर्ज लेखी असावा. कोणत्या तारखेस, किती वाजता, कोणत्या ठिकाणी, कोणत्या रंगाच्या व खुणेच्या कुत्र्याने काय केले, कोणी पाहिले, ते कोणाच्या अंगणात निजते, हे त्यात साध्या भाषेत लिहून एक प्रत सरपंच व ग्रामपंचायत अधिकारी यांच्या नावे द्यावी आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, शिक्का व तारीख यांसह पोच घ्यावी. तो शिक्का उमटला म्हणजे त्या कागदास पुढे तहसीलपर्यंत चालण्याचे बळ येते. पोलीस पाटलाच्या कानावर घालावे. धोकादायक जनावर बंदिस्त करण्याचा सशर्त हुकूम काढण्याचा अधिकार भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 152 खाली उपविभागीय दंडाधिकाऱ्यास आहे, हे फार थोड्यांना माहीत असते. भाकरीत विष घालून प्रश्न मिटविणारे लोकही गावोगाव आढळतात. ते केवळ निर्दय नव्हे, तर न्याय संहितेच्या कलम 325 खाली पाच वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे.

चावा झाल्यावर मात्र अर्ज-फिर्याद मागाहून. जखम साबणाने व वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी, तिच्यावर मिरची, चुना, हळद काही लावू नये, आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. बेंबीभोवतीच्या चौदा सुयांची धास्ती अजून आजोबांच्या पिढीच्या मनात आहे. पण ती जुनी लस आपल्या देशात वीस वर्षांपूर्वीच बंद झाली. आता सरकारी दवाखान्यात दंडाच्या कातडीत, पहिला दिवस शून्य धरून 3, 7 आणि 28 व्या दिवशी लस विनामूल्य मिळते, आणि रक्त आलेल्या जखमेत त्याशिवाय प्रतिद्रव्याचे इंजेक्शन लागते. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की रोगी सहसा वाचत नाही, म्हणून पहिली मात्रा कशाचीही वाट न पाहता घ्यावयाची. डॉक्टर कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवावयास सांगतात, कारण पिसाळलेले कुत्रे सामान्यतः तेवढ्या अवधीत मरते. ज्याच्या अंगणात ते बांधता येते त्याने दारात ते दहा दिवस जिवंत व धडधाकट दाखवले, तर उरलेल्या मात्रांविषयी डॉक्टर निर्णय घेऊ शकतात. आणि चारही घरांनी ते नाकारून रानात हुसकावले, तर त्या पोराला सर्व मात्रा पुऱ्या कराव्याच लागतात.