नाव एक, जागा दुसरी

संकेतस्थळ काढावयाचे म्हटले की आपल्याला वाटते, एकच वस्तू विकत घ्यावयाची आहे. वास्तविक वस्तू दोन आहेत, आणि दोन्ही भाड्याच्या.

पहिली वस्तू म्हणजे जागा. मजकूर आणि चित्रे यांच्या फायली रात्रंदिवस चालू असलेल्या संगणकावर ठेवाव्या लागतात. घरचा संगणक चालेल, पण वीज गेली की दुकान बंद! म्हणून कंपन्यांच्या सर्व्हरवर आपण जागा भाड्याने घेतो, तेच होस्टिंग. स्वस्तातले होस्टिंग म्हणजे चाळच. शेजारच्या बिऱ्हाडी पाहुणे फार झाले की आपल्या नळाचे पाणी बारीक होते. नवशिक्याला मात्र चाळ पुरते.

दुसरी वस्तू नाव, म्हणजे डोमेन. सर्व्हरचा खरा पत्ता आकड्यांचा असतो आणि आकडे कोणाच्या ध्यानात राहावयाचे? अमेरिकेतील आर्पानेट या जुन्या जाळ्यात नावे व पत्ते यांची एकच यादी असे. ती कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये राखली जाई आणि बाकीच्यांनी उतरवून घ्यावयाची. जाळे वाढले, यादी पुरेना. १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी तोड काढली, की एकच वही नको, काम वाटून द्यावे.

म्हणून नाव उजवीकडून वाचले जाते. शेवटी ‘.इन’ असेल, तर मूळ सर्व्हर ‘.इन’च्या दप्तराकडे बोट दाखवतो. ते दप्तर आपल्या नावाची नोंद सांभाळणाऱ्या सर्व्हरकडे पाठवते. तेथे आकडी पत्ता मिळतो. हे सारे डोळ्याचे पाते लवते न लवते तोच! मिळालेले उत्तर काही काळ जपून ठेवतात. त्यामुळे जागा बदलल्यावर कोणाला जुनीच पाने दिसली, तर घाबरू नये.

खरी मेख नावातच आहे. समजा, सावंतवाडीच्या एका खेळणीवाल्याने संकेतस्थळ करून घेतले आणि करणाऱ्याने डोमेन स्वतःच्याच नावे नोंदवले. पुढे दोघांचे बिनसले. फायलींची प्रत जवळ असली तर जागा उद्या दुसरीकडे मिळेल. पण गिऱ्हाइकांच्या तोंडी बसलेले नाव? पैसे आपण दिले, तरी दप्तरात मालक दुसराच. तेव्हा नोंदणी आपल्या नावे, आपल्या ई-मेलवर करावी, आणि परवलीचा शब्द स्वतःजवळ ठेवावा.

नाव कायमचे मिळत नाही. ‘.कॉम’ची नोंदणी एका वेळी फार तर १० वर्षांची. मुदत संपून नाव काढून टाकले गेले, तरी ३० दिवस ते सोडवून घेता येते; मात्र दंड चांगलाच पडतो. त्यानंतर ते कोणीही उचलावे. २०१४ पासून देवनागरीत ‘.भारत’ हे नावही घेता येते. मुदतीचे भान तेथेही ठेवावे लागतेच.