गायरानांतील गवतें व नत्राचें खत

बुलढाण्याच्या घाटमाथ्यावरील गायरान आश्विनांत लांबून पाहिलें, तर एकच एक गवत वाऱ्यावर डोलत आहे असें वाटतें. जवळ जावें तों पवन्या, मारवेल, कुसळी अशीं नाना जातींचीं गवतें आणि त्यांच्या पायाशीं रानमुगासारख्या शेंगा धरणाऱ्या वेली, असें मोठें एकत्र कुटुंबच तेथें नांदतांना दिसतें.

ज्या युरियानें शेतांतला मका तरारतो, तोच गायरानावर कां फेंकूं नये, असें पुष्कळांस वाटतें. त्याच्या १०० भागांत ४६ भाग नत्र. गवत वाढेल यांत शंका नाहीं. पण कोणतें गवत?

इंग्लंडांत रोथॅमस्टेड येथें लॉज व गिल्बर्ट यांनीं १८५६ सालीं एका जुन्या कुरणाचे पट्टे पाडून निरनिराळीं खतें घालण्यास आरंभ केला. तो प्रयोग अद्यापि चालू आहे. बिनखताच्या पट्ट्यांत सुमारें ४० जातींच्या वनस्पति आढळतात. जेथें अमोनियाच्या रूपानें नत्र वर्षानुवर्षें भरपूर दिलें, तेथें गवताच्या दोन-तीनच जाति उरल्या! आयतें अन्न मिळतांच उंच, अधाशी गवतें झपाट्यानें वाढतात व ठेंगण्यांचें ऊन हिरावून घेतात. शेंगवर्गी वनस्पति मुळांवरील गांठींच्या साह्यानें हवेंतील नत्र मिळवितात. तें सर्वांसच फुकट मिळूं लागल्यावर त्यांची ती कमाई व्यर्थ ठरते. तेथील जमीन अमोनियाच्या क्षारांनीं आंबटही झाली. आमच्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीस ती भीति थोडी. सावलीचा न्याय मात्र इथेंही तोच.

शिवाय मुरमाड उतारावर पहिली उणीव पाण्याची. पाऊस ओढला कीं वरवर फेंकलेल्या युरियांतील बरेंच नत्र अमोनिया होऊन हवेंत उडून जातें. आणि जेथें गुरांनीं पवन्या ओरबाडून कुसळीच माजली आहे, तेथें हें दान कोणाच्या पदरांत पडेल?

तेव्हां युरियाचें पोतें विहिरीजवळच्या हिरव्या वैरणीच्या वाफ्यासच द्यावें, असें आम्हांस वाटतें. गायरानास कांहीं द्यावयाचेंच, तर स्फुरद द्यावें; रोथॅमस्टेडास नत्रावांचून स्फुरद व पालाश दिलेल्या पट्ट्यांत शेंगवर्गी वनस्पति वाढल्या, आणि दुभत्या गाईस प्रथिनें पुरवितात त्या याच. पावसाळ्यांत आळीपाळीनें एकेक भाग चराईस बंद ठेवावा. कुसळीचा पट्टा मात्र कुसळें धरण्यापूर्वींच कापावा. एकदां तीं मेंढ्यांच्या लोंकरींत शिरलीं कीं कातडींतही रुततात.